दोराचं दुसरं टोक

लंडनच्या पूर्व भागात वॉपिंग नावाची खलाश्यांची जुनी वस्ती आहे. तिथे थेम्सला अगदी खेटून 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी' हा पब उभा आहे आणि त्याच्या मागच्या अंगाला, नदीच्या पात्रावर, लाकडी खांबाला एक फास लोंबतो. भरती आली की खांबाचा बुंधा पाण्यात जातो. सुकती लागली की खालचे गोटे, चिखल आणि जुन्या विटांचे तुकडे उघडे पडतात. पबवाले सांगतात, हा फास न्यायाधीश जेफ्रीजच्या आठवणीसाठी आहे. सतराव्या शतकातला हा माणूस बंडखोरांना शेकड्यांनी फासावर चढवण्यासाठी कुप्रसिद्ध होता. इथे बसून तो नदीकाठच्या फाशा बघत जेवत असे, अशी आख्यायिका आहे. १६८८ साली राजा देश सोडून पळाला तेव्हा जेफ्रीजही खलाश्याचे कपडे घालून निसटायला वॉपिंगलाच आला, लोकांनी त्याला ओळखलं, आणि पुढच्या वर्षी तो टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत मेला.

फासाचे फोटो सगळेच काढतात. मला मात्र तो बघितला की जेफ्रीज आठवत नाही, कारवार आठवतं. का ते सांगायचं तर आधी हा पब नीट सांगायला हवा.

आत शिरलं की पायाखाली मोठमोठ्या फरश्या लागतात, पावलांनी झिजून मध्ये खोलगट झालेल्या. पबमध्ये इतकं जुनं दुसरं काही उरलेलं नाही असं म्हणतात. समोर लांबच लांब बार, त्याचा वरचा पत्रा जस्ती रंगाच्या जुन्या मिश्रधातूचा आणि खाली टेकू म्हणून लाकडी पिंपं. छत ठेंगणं, तुळया काळ्या पडलेल्या. मधले खांब जहाजाच्या डोलकाठ्यांचे आहेत. भिंतींवर गलबतांच्या प्रतिकृती, दोरखंड, जुनी चित्रं. जहाजाची सजावट केलेले पब जगात कुठेही सापडतात. मुंबईत, गोव्यातही भिंतीवर सुकाणूचं चाक आणि मासेमारीचं जाळं लावून तेवढं काम भागवतात. अशा ठिकाणी मला बसवत नाही. पण इथे तसं वाटत नाही, कारण इथली सजावट बाहेरून विकत आणलेली नाही. ज्या वस्तीत घरटी एक माणूस पाण्यावर होता, जिथे डोलकाठ्या, शिडं, दोर, नांगर हेच रोजचं सामान होतं, तिथे मोडीत निघालेल्या जहाजाची काठी छताला लावणं म्हणजे आपल्याकडे जुन्या वाड्याचा वासा नव्या घराला लावण्यासारखं आहे.

पब स्वतःचं वय १५२० पासून मोजतो. आधी लोक त्याला 'डेव्हिल्स टॅव्हर्न' म्हणत, इतकी त्याची ख्याती वाईट होती. चोरटा माल, चाचे, मारामाऱ्या. पुढे आगीत बराच भाग जळाला, पुन्हा बांधला गेला. आत्ताचं नाव एका कोळशाच्या जहाजावरून आलं. यॉर्कशायरमधल्या व्हिटबी बंदराचं 'प्रॉस्पेक्ट' नावाचं गलबत इथेच समोर नांगर टाकून असायचं, आणि लोक पबचा पत्ता सांगताना त्या गलबताचं नाव सांगू लागले. गलबत केव्हाच गेलं, नाव राहिलं.

कोळसा हा या भागाचा खरा धनी. लंडनची लाखो धुरांडी उत्तरेकडून समुद्रमार्गे येणाऱ्या कोळशावर पेटत. व्हिटबीत ही जाड बुडाची, दणकट, हळू चालणारी गलबतं बांधली जायची. त्याच गलबतांवर जेम्स कुक नावाचा एक पोरगा काम शिकला आणि पुढे त्याने प्रशांत महासागर मोजला. त्याचं 'एंडेव्हर' हे जहाजही मुळात व्हिटबीत बांधलेलं कोळशाचंच गलबत. १७६२ साली कुकने लग्न केलं ते एलिझाबेथ बॅट्सशी, आणि तिच्या घरची खाणावळ होती वॉपिंगमध्येच, एक्झिक्युशन डॉक या फाशीच्या जागेजवळची 'बेल इन'. नवा जोडीदार शोधायला हा दर्यावर्दी लांब गेलाच नाही, असं मला फार आवडीने वाटतं. जिथे गलबत लागायचं तिथल्याच खाणावळीतल्या मुलीशी त्याने संसार मांडला, आणि मग वर्षानुवर्षं तिला मागे ठेवून समुद्रावर राहिला. एलिझाबेथ त्याच्या मागे ५० वर्षांहून अधिक जगली. सगळी मुलं तिच्या डोळ्यांदेखत गेली. कुकच्या नावाने जगभर खाड्या, बेटं, शिखरं आहेत. एलिझाबेथच्या वाट्याला आलेली वाट पाहणी कोणत्या नकाशात बसवायची?

कोकणात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या रत्नागिरीकडे अमुक माणूस काय करतो असं विचारलं की 'बोटीवर असतो' हे पुरेसं उत्तर होतं. मग त्याच्या घरची बाई कशी राहते ते कोणी विचारायचं नाही, सगळ्यांना ठाऊक असायचं.

नदीकाठच्या पबांकडे आपण मौजेची जागा म्हणून बघतो. अठराव्या शतकात ती कामावर घेण्याची जागा होती. कोळशाची गलबतं आली की ती रिकामी करायला खांद्यावर पोती वाहणारे शेकडो हमाल लागत, त्यात आयर्लंडहून आलेले पुष्कळ. या हमालांच्या टोळ्यांचा ठेका पबवाल्यांकडे असे. काम हवं तर याच पबमध्ये यायचं, इथेच बसून प्यायचं, मजुरी इथेच मिळणार, आणि मिळता मिळता तिच्यातून दारूची उधारी आणि ठेकेदाराचा वाटा कापला जाणार. अंग मोडून कमावलेला पैसा बारवरून पलीकडे जाईपर्यंत अर्धा व्हायचा. १७६८ साली वॉपिंग आणि शॅडवेलचे हमाल याविरुद्ध उठले. संप झाला, हाणामारी झाली, गोळ्या चालल्या, आणि शेवटी सात जणांना शॅडवेलमध्ये, त्यांच्याच वस्तीतल्या मोकळ्या मैदानात, फाशी दिली गेली. त्या झिजलेल्या फरश्यांवरून चालताना माझ्या मनात हे सात जण असतात. त्या कोणी आणि कशासाठी उभं राहून झिजवल्या, हे आठवल्याशिवाय त्यांचं कौतुक करवत नाही.

हा ठेका आपल्या मुंबईलाही नवा नव्हता. बोटीवर जायला रत्नागिरीहून, गोव्याहून, गुजरातेतल्या घोघ्याहून मुंबईत आलेल्या खलाश्याला थेट कंपनीच्या दारात उभं करत नसत. मधे घाटसारंग असे. तो राहायची सोय करी, जेवणाची उधारी देई, बोट मिळवून देई, आणि मग पहिल्या पगारापासून वसुली सुरू. गोव्याच्या खलाश्यांनी यावर धोबीतलावच्या बाजूला आपापल्या गावांच्या 'कुडी' काढल्या. एकेका गावाची एक सामाईक खोली, भिंतीला लागून ट्रंका, एका बाजूला देव्हारा, महिन्याची माफक वर्गणी. बोट नसली तरी डोक्यावर छप्पर आणि आपल्या गावची चार माणसं. वॉपिंगच्या हमालाला असा आसरा मिळाला असता तर १७६८ ची गोष्ट वेगळी झाली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता एक्झिक्युशन डॉककडे येते. ही जागा याच काठावर होती, पबच्या पश्चिमेला थोडं चालून गेलं की. नेमकी इथेच होती असा दावा आसपासचे एकाहून जास्त पब करतात. समुद्रावरच्या गुन्ह्यांचा निवाडा नौदलाचं वेगळं न्यायालय करायचं आणि त्याची हद्द ओहोटीच्या पाण्याच्या रेषेपासून सुरू व्हायची. म्हणून फाशीचा खांब रेषेच्या आत, ओल्या पात्रातच रोवलेला असायचा. कैद्याला मार्शलसी तुरुंगातून निघून लंडन ब्रिजवरून, टॉवरच्या बाजूने, लोकांच्या गर्दीतून इथवर आणत. पुढे नौदल न्यायालयाचा अधिकारी घोड्यावर, हातात चांदीचं वल्हं घेऊन. वाटेत एका पबजवळ थांबून कैद्याला शेवटची बिअर देण्याची पद्धत होती. फाशीनंतर प्रेत तसंच ठेवत, तीन भरत्या त्याच्यावरून जाईपर्यंत. थेम्सला इथे सहा-सात मीटर भरती येते, तेव्हा त्याचा अर्थ काय ते काठावर उभं राहिलं की कळतं. १८३० साली इथल्या शेवटच्या फाशा झाल्या.

त्यात सर्वांत गाजलेली फाशी कॅप्टन विल्यम किडची, २३ मे १७०१. त्याच्या नावाचा एक पबही वॉपिंग हाय स्ट्रीटवर आहे, जुन्या गोदामात गेल्या शतकात काढलेला. किडची गोष्ट इंग्रजीत लहान मुलांनाही माहीत असते. पुरलेला खजिना, कवटीचा झेंडा, वगैरे. पण तो ज्या गुन्ह्यांसाठी लटकला त्यांतले जवळपास सगळे आपल्या किनाऱ्यासमोर घडले, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या बारला टेकून उभी होते आणि मला बसावंसं वाटलं.

किड न्यूयॉर्कला स्थायिक झालेला स्कॉटिश कप्तान. घरदार, बायको, मुली, समाजात मान. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे प्रचंड जहाज लुटलं होतं. जहाजावर हाजी होते, बायका होत्या. जे अत्याचार झाले त्यांनी सगळी सुरत पेटली आणि बादशहाने तिथल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांना कैदेत टाकलं. चाच्यांचा बंदोबस्त करणं इंग्लंडला भाग होतं. त्याच सुमारास इंग्लंडच्या काही बड्या सरदारांनी पैसे घालून किडला पाठवायचं ठरवलं. राजाच्या सहीचं फर्मान त्याच्या हातात होतं: चाचे पकड, फ्रेंच जहाजं पकड, लूट वाटून घेऊ. जहाज 'ॲडव्हेंचर गॅली', ३४ तोफांचं, शिडांबरोबर वल्हीही असलेलं, डेप्टफर्डला बांधलेलं. म्हणजे याच नदीवर, जरा खाली, पलीकडच्या काठाला. १६९६ मध्ये ते या नदीतून समुद्राकडे गेलं.

पुढच्या वर्षी ते आपल्या समुद्रात होतं. हाती काही लागत नव्हतं, खलाश्यांना पगार नव्हता, फक्त लुटीतला वाटा. 'लूट नाही तर पैसा नाही' हाच करार. ऑगस्टमध्ये किडने तांबड्या समुद्राच्या तोंडाशी मोखाहून निघालेल्या ताफ्यावर झडप घालायचा प्रयत्न केला, तो फसला. मग तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याकडे वळला. वाटेत एक छोटं व्यापारी गलबत अडवलं. त्यावरच्या हिंदी खलाश्यांना वर टांगून, नंग्या तलवारीच्या पात्याने झोडपलं, पैसे कुठे लपवलेत ते सांगा म्हणून. गलबताच्या इंग्रज कप्तानाला आणि एका पोर्तुगीज दुभाष्याला किडने सोबत ठेवून घेतलं. आणि सप्टेंबर १६९७ च्या पहिल्या आठवड्यात तो लाकूड-पाणी भरायला कारवारला येऊन लागला.

कारवारला कंपनीची वखार होती. मिरी आणि कापड. किड वखारवाल्यांना राजाचं फर्मान दाखवत होता आणि त्याची माणसं जहाजावरून पळून जात होती. जहाजावर बेंजामिन फ्रँक्स नावाचा एक जवाहिऱ्या प्रवासी होता. किनाऱ्यावर उतरू द्यावं म्हणून त्याने कप्तानाला आपली बीव्हरच्या लोकरीची टोपी भेट दिली, आणि उतरला तो थेट मुंबईला गेला. ऑक्टोबर १६९७ मध्ये मुंबईत त्याने लेखी जबानी दिली. त्या टांगलेल्या, झोडपलेल्या खलाश्यांची हकीगत आपल्याला कळते ती या कागदामुळे. किडच्या गळ्याभोवतीचा दोर वळायला सुरुवात मुंबईत झाली होती, वॉपिंगमध्ये नाही.

कारवारहून निघाल्यावर गोव्याच्या पोर्तुगीजांची दोन लढाऊ जहाजं त्याच्या मागावर आली. एकाशी त्याची चांगलीच जुंपली. ऑक्टोबर संपता संपता तोफखान्याच्या माणसाशी, विल्यम मूरशी, भांडण झालं आणि किडने लोखंडी पट्ट्या मारलेली बादली त्याच्या डोक्यात घातली. मूर दुसऱ्या दिवशी मेला. लंडनच्या खटल्यात किडवरचा पहिला आरोप या खुनाचा होता. आणि मग ३० जानेवारी १६९८ रोजी कोचीनच्या बाजूला त्याला हवी ती लूट मिळाली: 'केदा मर्चंट'. बंगालहून सुरतेला चाललेलं भलं मोठं जहाज, आर्मेनियन व्यापाऱ्यांनी भाड्याने घेतलेलं, मलमल, रेशीम, साखर, अफू, सोरा यांनी भरलेलं. मालात मुघल दरबारातल्या एका बड्या अमिराचाही वाटा होता. जहाजाकडे फ्रेंच परवाना होता. त्या काळात समुद्रावर असे कागद बाळगूनच चालावं लागे. किडने तो परवाना जपून ठेवला, कारण फ्रेंच परवाना म्हणजे फ्रेंच जहाज, आणि फ्रेंच जहाज पकडायची तर त्याला राजाने परवानगी दिली होती.

खटल्याच्या वेळी ते परवाने सापडलेच नाहीत. किड ओरडून सांगत राहिला की मी ते सरकारजमा केलेत. ज्या सरदारांनी पैसे घातले होते ते बाजूला झाले होते. पहिल्यांदा लटकवला तेव्हा दोर तुटला आणि तो खाली चिखलात पडला. उचलून पुन्हा लटकवला. ते परवाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले. कुणीतरी ते नीट फायलीत ठेवले होते. 'केदा मर्चंट'चे अवशेष २००७ साली डोमिनिकन रिपब्लिकच्या एका बेटाजवळ, किनाऱ्यापासून काही पावलांवर, उथळ पाण्यात मिळाले. कोचीनजवळ पकडलेलं जहाज, कॅरिबियनमध्ये सोडून दिलेलं.

किड निर्दोष होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. आमच्या खलाश्यांना त्याने टांगून मारलं, त्यांची नावं कोणी विचारलीही नाहीत. पण फाशी त्याला त्यासाठी झाली नाही. झाली ती सुरतेचा व्यापार वाचवण्यासाठी, आणि बड्या माणसांची नावं झाकण्यासाठी. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आणि नेमक्या याच काळात, १६९८ च्या सुमारास, कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल झाले. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असा त्यांचा दरारा. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनी त्यांचं दस्तक घ्यावं, नाहीतर पकडली जातील, हा त्यांचा नियम. पोर्तुगीज हेच करत होते, कार्ताझ नावाचा परवाना विकत होते, त्यांना कोणी चाचे म्हणालं नाही. मुंबईकर इंग्रजांनी मात्र कान्होजींना आयुष्यभर चाचा म्हटलं. १७१८ मध्ये खांदेरीवर चालून गेले, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर गेले, दोन्ही वेळा हात हलवत परतले. राजाच्या सहीचा कागद घेऊन आमच्या समुद्रात लुटायला आलेला माणूस सुरुवातीला अधिकारी, आणि आपल्या किनाऱ्यावर जकात मागणारा सरखेल चाचा. चाचा कोण हे ठरवण्याची सत्ता ज्याच्या हाती, त्याचीच गोष्ट पबच्या भिंतीवर लागते. वॉपिंगमध्ये चाचेगिरीवर जे काही टांगलेलं दिसतं त्यात आंग्रे नाहीत, आणि ते बरंच आहे. त्यांना तिथे चाचा म्हणूनच टांगलं असतं.

पण आंग्र्यांशी लढण्याची एक खूण लंडनमध्ये आहे, आणि इथल्या मराठी माणसांनी ती एकदा तरी बघायला हवी. नदीपलीकडे आग्नेयेला शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्यावरच्या रानात विटांचा तिकोनी बुरूज आहे, ६३ फूट उंच. नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. हर्णैसमोरच्या आपल्या सुवर्णदुर्गाच्या नावाचंच हे इंग्रजी रूप. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला, आणि तो मेल्यावर त्याच्या बायकोने १७८४ साली नवऱ्याच्या स्मरणार्थ हा बुरूज बांधला. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, आपल्याच आरमाराविरुद्ध. पुढच्या वर्षी विजयदुर्गही गेला, आणि किनारा इंग्रजांना मोकळा झाला. टेकडीवरून स्वच्छ दिवशी थेम्सचं सगळं वळण दिसतं. तिथे उभं राहून मला पेशव्यांचा मनापासून राग येतो. अडीचशेहून जास्त वर्षं झाली तरी येतो.

आता किडचं शेवटचं. वॉपिंगहून त्याचं प्रेत डांबर फासून, लोखंडी पिंजऱ्यात घालून टिलबरी पॉइंटला नेलं, नदी समुद्राकडे रुंद होते तिथे, आणि वर्षानुवर्षं टांगून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावरच्या खलाश्यांनी ते बघावं म्हणून. टिलबरी हे नाव मी किडमुळे ऐकलं नव्हतं. लहानपणापासून ऐकत होते.

आमच्या वाडीत पलीकडच्या मोहल्ल्यातले एक चाचा होते, काका या अर्थाने. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर आयुष्य काढलेले, निवृत्त झाले तेव्हा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाश्यांचे मुकादम, होते. या कंपनीच्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, इंजिनात पंजाब-सरहद्दीकडचे, आणि जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती, अशी वाटणीच असायची. कप्तानापासून सगळे अधिकारी गोरे. त्याच जहाजावर तेच काम करणाऱ्या गोऱ्या खलाश्यापेक्षा पगार कितीतरी कमी, झोपायची जागा कमी. चाचांची नल्ली, म्हणजे नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, शेवटपर्यंत त्यांच्या पेटीत तेलकट कापडात गुंडाळलेली होती. ती काढून ते एकेका शिक्क्यावर बोट ठेवून सांगायचे.

"हे एडन. हे पोर्ट सैद. हे टिलबरी. टिलबरीला लागलो की आठवडा असायचो."

"चाचा, लंडन बघितलं का मग?"

"कसलं लंडन पोरी. गोदी बघितली. थंडी बघितली. एकदा बसने बाजारात गेलो, शिलाई मशीन घेतली जुनी. तुझी चाची अजून तिच्यावरच शिवते."

"आणि पब?"

"लांबून बघितला. आतून गाणी यायची. आपल्याला काय करायचंय आत."

त्यांना न बघितल्याचं दुःख नव्हतं. मला आहे. त्यांच्यासारख्या हजारो माणसांनी ही नदी चालती ठेवली, आणि नदीकाठच्या या जहाजी सजावटीत कोकणी सारंगाचं एक चित्र मला कुठे सापडलं नाही. १८५७ मध्ये लाइमहाउसला अशा परदेशी खलाश्यांसाठी एक वसतिगृह निघालं, महाराजा दुलीपसिंगांनी त्याला मोठी देणगी दिली होती. त्याआधी थंडीत रस्त्यावर मरणारे लस्कर, म्हणजे आपल्याकडचे खलाशी, लंडनच्या वर्तमानपत्रांत बातमी होऊन जात. वॉपिंगहून टॉवर हिल चालत अर्ध्या तासावर आहे. तिथे दोन महायुद्धांत समुद्रात गेलेल्या व्यापारी जहाजांवरच्या खलाश्यांचं स्मारक आहे, कांस्याच्या पाट्यांवर नावंच नावं. जहाजांच्या नावांखाली मी रत्नागिरीची आडनावं शोधली. ती तिथे नाहीत, कारण हिंदी खलाश्यांची आठवण वेगळी ठेवली गेली. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त जणांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक जणांची नावं पुस्तकात नोंदली आहेत.

चाचांचा थोरला भाऊ त्या युद्धात गेला. बोट बुडाली एवढीच तार आली होती. कोणती बोट, कुठे, हे घरात कोणाला ठाऊक नाही. चाचा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलाला मी फोनवर विचारलं, तुझ्या काकांचं नाव त्या पुस्तकात कोणी पाहिलंय का. तो म्हणाला, असं काही पुस्तक आहे हेच घरात कोणाला माहीत नाही. मे महिन्यात मी गावी जाते आहे. मुंबईत उतरल्यावर तो मला मस्जिद बंदर स्टेशनवर भेटणार आहे, चाचांची नल्ली आणि ती जुनी तार घेऊन.